पेरभर मलम

दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या माणसाला शब्दांचे काही चकवे कायमचे पाठ होतात. आम्हा बडोदेकरांना तर ते इतके अंगवळणी पडलेले असतात, की पाहुणा अडखळला म्हणजेच ते आठवतात. असाच एक चकवा कातडीचा आहे. मराठीत ‘खरूज’ म्हणजे किड्यामुळे होणारा, एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग. गुजरातीत ‘खरजवुं’ म्हणजे इसब. तो स्पर्शाने कोणाला होत नाही, मांडीला मांडी लावून वर्षभर बसले तरी होत नाही. गजकर्णाला इकडे ‘धाधर’ म्हणतात आणि मराठीतल्या खरजेला ‘खस’. आता कानाला ‘खरजवुं’ आणि ‘खरूज’ सख्ख्या बहिणी वाटल्या तर त्यात नवल ते काय! तुमच्याकडे दुसरी भाषा कानडी असेल, तेलुगू असेल, किंवा आमच्यासारखी गुजराती असेल. असे चकवे तुमच्याही ओळखीचे असणारच.

या चकव्याने काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलाला आठवडाभर शेवटच्या बाकावर एकटे बसवले होते. मुलाच्या आईने गुजरातीत चिठ्ठी दिली होती, की मुलाला खरजवुं आहे, त्याला उन्हात उभे करू नये, घामाने त्रास होतो. वर्गशिक्षिका नव्यानेच विदर्भातून आलेल्या. त्यांनी आपल्या समजुतीने इतर मुलांची काळजी घेतली. त्यांच्या हेतूत खोट नव्हती, शब्दाने घात केला. मुलाच्या आजी तणतणत माझ्या खोलीत आल्या तेव्हा हे उघडकीस आले. घर मूळचे मराठीच, दांडिया बाजाराकडचे. सून गुजराती.

मुलाला बाक परत मिळाला. ती गोष्ट पाच मिनिटांत मिटली. पण मुलाला मी जवळून पाहिले ते त्या दिवशी. दोन्ही कोपरांच्या खोबणीत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लाल, जाड, ओरबाडलेली. नखांखाली रक्त. आजी म्हणाल्या, “सर, रात्रभर खाजवतो हो. चादरीला डाग पडतात. सकाळी उठवत नाही.” वर्गात तो डुलक्या काढतो अशी तक्रार माझ्याकडे आधीच आलेली होती. तिचा उलगडा असा झाला.

“डॉक्टरांना दाखवले नाही का?” असे मी विचारले.

“दाखवले की. ट्यूब दिलीय. पण ती स्टिरॉइडची आहे ना, सर! नको ते.”

आजींच्या भीतीला कारण होते. त्यांच्या यजमानांना दमा होता. त्या काळी त्यांनी कितीतरी वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, निम्म्या स्वतःच्या मनाने. तोंड सुजून गोल झाले, साखर वाढली, हाडे ठिसूळ झाली. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलेले. त्यामुळे नातवाच्या ट्यूबवर तो शब्द दिसताच ती फ्रीजच्या दारात गेली आणि दोन महिने तिथेच राहिली. मुलगा मात्र रोज रात्री स्वतःला ओरबाडत होता.

मी वैद्यक शिकलेला नाही. माझे एम. ए. भाषेचे. परंतु शब्द काय करू शकतो हे पाहणे माझ्या धंद्यातच बसते, म्हणून मी या शब्दाच्या मागे लागलो. ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांना गाठले, मिळेल ते वाचले. जे कळले ते असे.

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यातून रोज जो रस रक्तात उतरतो, त्याच्याशी या औषधांचे नाते आहे. शरीर स्वतःच बनवते ते हे द्रव्य, म्हणजे परके काही नव्हे. अमेरिकेत केंडॉल या रसायनशास्त्रज्ञाने आणि स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन याने ही द्रव्ये वेगळी काढली. १९४८ साली हेंच नावाच्या डॉक्टरांनी त्यांतले एक, कॉर्टिसोन, संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला टोचले आणि तो काही दिवसांत चालू लागला. तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सगळ्यांना वाटले, आता हे कातडीवर चोळले की झाले! पण कॉर्टिसोन चोळून काहीच होईना. शरीराच्या आत यकृत त्याचे हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते, तेव्हा कुठे ते काम करते. कातडीला ती कला पुरेशी साधत नाही. १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन या दोघांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनच लावून पाहिले आणि इसबाची लाली उतरली. त्याआधी इसबाला डांबराची मलमे, जस्ताचा लेप आणि हाताला बांधलेले फडके एवढेच उपाय होते. सत्तर वर्षांहून अधिक काळ झाला, तरी सौम्य मलम म्हटले की डॉक्टर आजही या हायड्रोकॉर्टिसोनचेच नाव घेतात. आजींच्या फ्रीजमध्ये तेच होते, एक टक्क्याचे.

इथे टक्क्यांचा एक गमतीचा सापळा आहे. मी तो एकदा नववीच्या तासाला फळ्यावर मांडला. एका ट्यूबवर लिहिले आहे ‘हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का’ आणि दुसरीवर ‘क्लोबेटासोल ०.०५ टक्का’. जहाल कोणते? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “पहिले, सर! वीसपट.” अंकगणित बरोबर आणि उत्तर साफ चूक. क्लोबेटासोल हे या सगळ्या कुळातले अतिजहाल, हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे ६०० पट जोराचे मानले जाते. ब्रिटिश पद्धतीत या मलमांच्या चार पायऱ्या करतात. सौम्य, मध्यम, जहाल आणि अतिजहाल. हायड्रोकॉर्टिसोन तळाच्या पायरीवर, बेटामेथासोन व्हॅलरेट आणि मोमेटासोन तिसरीवर, क्लोबेटासोल माथ्यावर. टक्क्याच्या आकड्यावरून पायरी कळत नाही, औषधाच्या नावावरून कळते. आणि ते नाव आपल्याकडच्या ट्यूबवर एवढ्या बारीक अक्षरांत असते की माझ्या वयाच्या माणसाला चष्मा वर करून ट्यूब नाकाशी न्यावी लागते. ब्रँडचे नाव मात्र बोटभर.

आजींना मी पायऱ्या सांगितल्या. त्यांना पटल्या असे नाही. “तुम्ही मास्तर, तुमचे काय ऐकायचे,” असा भाव होता. मग त्या सुनेला आणि नातवाला घेऊन त्याच डॉक्टरांकडे पुन्हा गेल्या आणि या वेळी डॉक्टरांनी कागद बाजूला सारून ट्यूब हातात घेतली. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, मलमाची एक रेघ काढली. मोठ्या माणसाच्या बोटावरची अशी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरते. हे माप वेल्समधल्या दोन डॉक्टरांनी १९९१ साली मांडले. चमचा, चिमूट, ओंजळ ही मापे आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत, त्यात हे पेर सहज बसते. मुलाच्या दोन्ही कोपरांच्या खोबणींना एक पेर पुरून उरत होते. आंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच साधे व्हॅसलिन, आणि लाल भागावर दिवसातून दोनदा हे मलम. किती दिवस? लाली जाईपर्यंत, साधारण आठवडाभर. पुढे फक्त व्हॅसलिन. पुन्हा उठले तर पुन्हा थोडे दिवस. बास.

पाचव्या रात्री मुलगा सलग झोपला. हे मला आजींनी नव्हे, वर्गशिक्षिकेने सांगितले. त्या म्हणाल्या, “सर, आज तो मराठीच्या तासाला जागा होता.” इसब मुळापासून गेले नाही. ते असे जातही नाही. थंडीत परत येते, परीक्षेच्या दिवसांत वाढते. पण त्याचा जाच आटोक्यात राहू लागला. अति भीतीपायी मूल दोन महिने झोपेवाचून राहिले होते, ही गोष्ट मात्र माझ्या मनातून गेली नाही.

अति भीतीचा असा एक प्रकार. अति लोभाचा दुसरा प्रकार मी आमच्या घरातच पाहिला, आणि तो अधिक दुखला.

आमच्या सौ.च्या मावसबहिणीची मुलगी इथेच बँकेत नोकरीला. रंग आमच्या सगळ्यांसारखा, गहू भाजला तर होईल तसा. चेहरा तरतरीत. माघात साखरपुडा झाला, वैशाखात लग्न. साखरपुड्याच्या फोटोंवर सासरच्या एका बाईंनी काहीतरी शेरा मारला, तो हिच्या कानावर आला. मैत्रिणीने एक ट्यूब सुचवली. दुकानातून न विचारता मिळाली. आठ दिवसांत चेहरा उजळला, मुरमे बसली, सगळे म्हणू लागले, “लग्नाचे तेज आले हो!” ती दोनाच्या तीन, तीनाच्या चार अशा ट्यूबा वापरत गेली. पुढे ऑफिसच्या कामाला पंधरा दिवस मुंबईस गेली, ट्यूब घरी राहिली. चौथ्या दिवशी चेहरा भाजल्यासारखा लाल, आग, पुरळ, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. आरशासमोर उभे राहवेना. परत आल्यावर पुन्हा ट्यूब लावली आणि चेहरा शांत झाला. म्हणजे आता ट्यूबवाचून चालेना! दारूचे व्यसन जडलेला माणूस मी पाहिला आहे. चेहऱ्याला असे व्यसन जडलेले प्रथमच पाहिले.

ट्यूबवर तीन औषधे होती, त्यांतले एक मोमेटासोन. काळे डाग घालवण्यासाठी तीन औषधे एकत्र करण्याची ही कल्पना १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी मांडली. ठराविक डागांवर, थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरण्यासाठी. आपल्याकडे ती गोरे होण्याची ट्यूब होऊन बसली.

कातडी उजळते ती का, याचे कारण वाचले तेव्हा मी थक्क झालो. ही मलमे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ती जागा फिकी पडते. इतकी खात्रीने फिकी पडते, की कोणते मलम किती जहाल हे ठरवण्यासाठी १९६२ सालापासून शास्त्रज्ञ हीच परीक्षा वापरत आले. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचे आणि कातडी किती पांढरी पडते ते पाहायचे. म्हणजे प्रयोगशाळेत जे औषधाच्या ताकदीचे माप, तेच आमच्या लग्नबाजारात तेज! शिवाय रंग तयार करणाऱ्या पेशीही मंदावतात. आणि चेहऱ्याची कातडी हे सारे अधिक शोषते. हाताच्या पुढच्या भागाच्या मानाने कपाळ हायड्रोकॉर्टिसोन सुमारे सहापट शोषून घेते असे १९६७ साली मोजून दाखवले गेले. तळपायाची कातडी त्याच हाताच्या सातव्या हिश्श्याएवढेच घेते. म्हणून टाचेला चालणारे मलम गालाला चालेलच असे नाही.

ती एकटी नव्हती. २०११ साली देशभरातल्या बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले, त्यांतले ४३३ चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या जवळजवळ साठ टक्क्यांना ते कोणा डॉक्टराने सांगितलेले नव्हते. शेजारीण, मैत्रीण, न्हावी, दुकानदार, कोणीही. शंभरातल्या नव्वदांना अपाय झालेला होता. पुरुषही कमी नव्हते, कोणी दाढीनंतर लावायचे. आमच्यातल्या ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ या जाहिरातींना मी वर्षानुवर्षे हसत आलो आहे. आता हसू येत नाही.

ती माझ्याकडे आली ती डॉक्टरांकडे सोबत चला म्हणून. “काका, आईला नका सांगू,” हे पहिले वाक्य. डॉक्टरांनी ट्यूब एकदम बंद केली नाही, सौम्य करत करत सोडवली. उन्हाचे मलम, साधे लेप, पोटात घेण्याच्या गोळ्या, आणि मुख्य म्हणजे धीर. मधले दोन महिने ती ओढणीने तोंड झाकून ऑफिसला गेली. बडोद्याच्या उन्हात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी तोंड बांधूनच जाते, म्हणून कोणाला काही कळले नाही हे नशीब. लग्न ठरल्या तिथीलाच झाले. हळदीच्या दिवशी बायका चेहऱ्याला हळद लावायला सरसावल्या, तेव्हा तिच्या आईने सगळ्यांना अडवले आणि फक्त हाताला, पायाला लावू दिली. “आमच्याकडे अशीच पद्धत आहे,” असे तिने ठणकावून सांगितले. अशी पद्धत आमच्यात कुणाच्याही पणजीच्या काळी नव्हती! चेहरा पूर्ण निवायला वर्षाहून अधिक लागले. नवऱ्या मुलाला तिने सारे सांगितले होते. तो म्हणाला, “फोटोवर बोलणारी माझी काकू आहे, मी नव्हे.” मला मुलगा आवडला.

तिसरी तऱ्हा नवरात्रातली. बडोद्याचा गरबा तुम्ही ऐकून असाल. नऊ रात्री हजारो माणसे घामाने निथळत फेर धरतात, घट्ट कपडे, जड घागरे, ओल्या अंगानेच घरी येऊन झोपणे. दसऱ्यानंतर जांघेत आणि कमरेला गजकर्ण उठते. मग “धाधरनी ट्यूब आपो ने!” आणि हाती पडते ते बहुधा तीन-चार औषधांचे कडबोळे, ज्यात बुरशीचे औषध असते तसे क्लोबेटासोलही असते. खाज एका दिवसात थांबते. लाल कडा पुसट होतात. बुरशी मात्र मजेत पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी कातडीची यंत्रणाच झोपवलेली असते. रूप असे पालटते, की पुढे डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. या छुप्या गजकर्णाला इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९६८ सालीच नाव दिले होते. आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाने जे थैमान घातले आहे, घरेच्या घरे धरली आहेत, त्यात या मिश्रणांचा वाटा मोठा आहे असे तज्ज्ञ सांगतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी एक बुरशी आता देशोदेशी सापडते. २०२० साली तिला जे शास्त्रीय नाव मिळाले त्यात ‘इंडोटिनिए’ असा आपल्या देशाचा शिक्का आहे. २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्येही नोंदवली गेली. शून्य जगाला दिले म्हणून आपण छाती फुगवतो, त्या यादीत हे नाव कोणी घालत नाही!

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. आम्ही सगळे त्या धामधुमीतून सावरतो न सावरतो तोच, २३ मार्चला, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने स्टिरॉइड असलेली १४ मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तोवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ या सवलतीखाली ही मलमे निसटत होती. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षे पाठपुरावा केला होता. त्याच सप्टेंबरात ३२८ औषधी मिश्रणांवर बंदी आली, तीत कातडीची काही कडबोळीही होती. बडोदे हे तर औषधांचे गाव. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली इथे अलेम्बिकचा कारखाना काढला, पुढे साराभाई केमिकल्स आले. इथे घरटी एक माणूस औषधाच्या धंद्यात असतो. कायदा कळला नाही असे निदान या गावात कोणी म्हणू नये.

माझा एक जुना विद्यार्थी औषधांचे दुकान चालवतो. भला मुलगा, गुजराती, पण माझ्याशी हट्टाने मराठीत बोलतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी त्याच्या दुकानात अर्धा तास बसलो होतो. तेवढ्यात तिघेजण चिठ्ठीशिवाय मलम मागायला आले. दोघांना त्याने दिले, एकाला परत पाठवले.

“याला का नाही दिले?” मी विचारले.

“सर, त्याच्या कडेवर बाळ होते. बाळाला लावणार होता.”

“आणि ते दोघे?”

तो बिलबुकाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “सर, मी नाही दिले तर समोरचा देतो. डॉक्टरची फी पाचशे, ट्यूब शंभराच्या आत. रिक्षावाल्याला मी काय सांगू?”

मला उत्तर सुचले नाही, कारण त्याने जे सांगितले ते खरेच होते. सयाजी रुग्णालयात कातडीचा विभाग आहे, सरकारी आहे, पण रिक्षावाल्याचा तिथे अर्धा दिवस जातो आणि अर्धा दिवस म्हणजे त्याची अर्धी कमाई. एवढे मात्र मी त्याला सुचवले, की निदान खोक्यावर बोट ठेवून औषधाचे नाव मोठ्याने वाचून दाखव आणि ते कुठे लावायचे नाही ते सांग. तो हसला. “सर, तुम्ही अजून वाचूनच घेता सगळ्यांकडून.”

या वर्षी नवरात्राच्या आधी त्याने दुकानात गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला. मराठी मजकूर तपासायला माझ्याकडे आणला होता. ‘चेहऱ्याला लावायची ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.’ मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले आणि विचारले, की फक्त चेहऱ्याचेच का, धाधरचे काय? तो म्हणाला, “ते पुढच्या वर्षी, सर. एकदम सगळे बंद केले तर दुकान चालणार नाही.”